गोठ्यावरचा दिवा

गोठ्यावरचा दिवा बंद करायला मीच सांगितलं होतं. म्हणजे 'बंद करा' असं म्हणालो नव्हतो. "तात्या, एवढा दिवा रात्रभर नसला तर चालेल का?" इतकंच विचारलं. तात्या काही न बोलता उठले, मेढीवरचं बटण बंद करून आले आणि चहाची कपबशी पुन्हा हातात घेतली. माघातली अमावस्या होती. दिंडोरीच्या पुढचं शिवार, एका अंगाला काढणीला आलेली द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला शेळ्यांचा गोठा, आणि मधल्या मुरमाड तुकड्यावर माझी दुर्बीण. दिवा गेला आणि ईशान्येकडचं आकाश एकदम हाताशी उतरल्यासारखं झालं. सप्तर्षींच्या शेपटीखाली जिथे आधी नुसती पांढुरकी साय होती, तिथे बारीक बारीक तारे फुटले. मी मोठ्यानं "वा!" म्हणालो.

तो 'वा' मला अजून ऐकू येतो.

रात्री अडीच वाजून गेल्यावर कुत्रं भुंकायला लागलं. आधी नेहमीसारखं, मग घशातून कोंडल्यासारखं. गोठ्याचा पत्रा एकदा वाजला, शेळी एकदाच ओरडली, आणि त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या माझ्या माउंटच्या मोटरची किणकिण मला स्पष्ट ऐकू आली. घराचं दार उघडलं, तात्या आणि त्यांचा मुलगा बॅटऱ्या घेऊन धावले, "हाड हाड" करत, डबे बडवत. झोत सगळीकडे फिरायला लागले, बागेवर, बांधावर, माझ्या अंगावर, दुर्बिणीच्या तोंडावर. कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं, एकशेवीस सेकंदांचं एक्स्पोजर चाललं होतं. त्या क्षणी माझ्या मनात सगळ्यांत आधी जे आलं ते लिहिताना हात अडखळतो. 'फ्रेम गेली' असं आलं. शेळी नंतर आली. माणसं त्याच्याही नंतर.

उजाडल्यावर बांधाच्या ओल्या मातीत पंजे दिसले. बिबट्याच होता. शेळी नेली होती, तिचं दीड महिन्याचं करडू मात्र वैरणीच्या पेंढ्यांमागे दडून वाचलं होतं आणि सकाळभर न थांबता ओरडत होतं. मला कोणी काही बोललं नाही. हेच जड गेलं. मी खिशात हात घातला तर तात्या म्हणाले, "शेळी तुमी नेली का? ऱ्हाऊ द्या." त्यांची आई, ऐंशीच्या पुढची, उंबऱ्यात बसून करडाला बाटलीनं दूध पाजत होती. ती म्हणाली, "दिव्याला भेत आसता तर ते नाशकात कशाला शिरले आसते?" तिचं म्हणणं खरं आहे. रस्त्यावरच्या दिव्यांच्या लखलखाटात, बंगल्यांच्या आवारात बिबट्या फिरल्याचं नाशिककरांनी कितीदा पाहिलंय. दिवा असता तरी तो आला असता. पण 'असता तर'चा हिशेब असा कुणाच्या सांगण्यानं मिटत नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर मायक्रॉनशी गाठ. रात्रीचं हे वेड मात्र वडिलांकडून आलेलं. पंचवटीत आमचा वाडा होता, त्याच्या गच्चीवर दसरा-दिवाळीच्या मधल्या रात्रींत त्यांनी मला भाद्रपदांचा चौकोन दाखवला, त्याच्या कोपऱ्यापासून निघालेली देवयानीची रांग दाखवली, आणि मग तिच्या कमरेपाशी बोट नेऊन म्हणाले, "तिथं एक पुसलेला खडू आहे. बघ." मी डोळे फाडफाडून बघितलं, काही दिसेना. तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरून किंचित वळवली. "त्याच्याकडे बघू नकोस. शेजारी बघ. मग तो आपोआप दिसेल." आणि दिसला. डोळ्याच्या पडद्यावर अगदी मध्यभागी रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीनं असतात, अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी त्यांच्या भोवतीनं असतात, म्हणून फिकट वस्तू तिरक्या नजरेला सापडते, हे कारण फार पुढे कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की काही गोष्टी थेट मागून मिळत नाहीत. तो पुसलेला खडू म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं वेगळं विश्व, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. नुसत्या डोळ्यांनी माणसाला सहज दिसू शकेल अशी ती जवळजवळ शेवटची सीमा. वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. तिच्या गच्चीवरून दसऱ्याला चौकोनाचे चार तारे मोजता आले तरी नशीब.

मधे एकदा शहरानं मला आकाश परत दिलं होतं. लोडशेडिंगची ती वर्षं. संध्याकाळी ठरल्या वेळेला गल्ली काळी व्हायची, सगळीकडून चुकचुकाट व्हायचा, आणि मी जिना चढत असायचो. शेजारची मुलगी दहावीला होती, मेणबत्तीच्या उजेडात तिचं पाठांतर खिडकीतून ऐकू यायचं. मी वर मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ बघत असायचो आणि मनातल्या मनात वीज आणखी अर्धा तास न येवो म्हणायचो. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते पाठांतर मला आठवलं ते या माघात, करडाचं ओरडणं ऐकत सामान आवरताना.

शहरातून फोटो होत नाहीत असं नाही. चंद्र होतो, गुरू-शनी होतात. दीर्घिकांचं दुखणं वेगळं आहे. त्या काही इवल्याशा नसतात, देवयानी आकाशात सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीनं ठेवावेत एवढी लांब आहे. पण तिचा उजेड तेवढ्या सगळ्या जागेवर पसरलेला असतो, एका घागरीतलं दूध अंगणभर ओतावं तसा. आणि शहराचं आकाश त्याहून उजळ असेल तर दूध संपलंच. मोठी दुर्बीण घेतली तरी उपाय नाही, ती दोन्ही उजेड सारखेच गोळा करते. म्हणून अंधार शोधत जावं लागतं. दिंडोरीच्या पुढे गेलं की नाशिक दक्षिणेला राहतं आणि क्षितिजावर केशरी घुमट होऊन बसतं. चित्रा नक्षत्राजवळची सोंब्रेरो दीर्घिका त्या घुमटाच्या धुरकट अंगाला लागते, तिचा फोटो मला कधीच मनासारखा मिळाला नाही. उत्तर मात्र अजून काळी आहे. ध्रुवतारा इथे जेमतेम वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी रचल्या की तिथे. माउंटचा आस त्याच्या रोखानं बसवायचा, आणि मग पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते तेवढीच दुर्बीण उलटी फिरवत राहायची. अक्ष केसभर चुकला तरी तारे रेघा होतात. माझ्या कामाच्या सवयीचा उपयोग होतो तो इथे.

पुढचं सगळं थांबणं आहे. एक फ्रेम दोन मिनिटांची. स्क्रीनवर बघाल तर करडा गाळ, त्यात कुठेतरी दीर्घिकेची शंका. तशा शंभर फ्रेम घ्यायच्या आणि एकावर एक रचायच्या. प्रत्येक फ्रेममधला रवाळपणा वेगळा असतो, तो एकमेकांना खोडत जातो. दीर्घिका प्रत्येकीत तिथेच असते, ती घट्ट होत जाते. हिशेब मात्र निष्ठुर आहे: चित्र दुप्पट स्वच्छ व्हायला चौपट फ्रेम लागतात. एका रात्रीच्या चार रात्री करा, मग कुठे डोळ्याला फरक कळतो. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक फ्रेम टिपली. पडद्यावर तो वेल डोळ्यांदेखत वाढताना दिसला आणि पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकावरून जाताना मला बाकी काही आठवत नाही, ती कुंडी आठवते. रोज उठून एक फ्रेम. अंकुर आज हलला की नाही हे त्या दिवशी कळणार नाही, तरी एक फ्रेम.

आणि अंधाराचेही फोटो घ्यावे लागतात. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते चमकतात. दुर्बिणीवर झाकण घालायचं आणि तेवढ्याच वेळाच्या, तेवढ्याच थंडीतल्या वीसेक फ्रेम घ्यायच्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये स्वतःची ऊब असते, काही पिक्सेल उजेड नसतानाही पेटलेले असतात. काळोखाच्या त्या फ्रेम वजा केल्या म्हणजे कॅमेऱ्याचं स्वतःचं काय आणि आकाशाचं काय ते वेगळं होतं. आम्ही त्यांना 'डार्क' म्हणतो. त्या पहाटे पाच वाजता तात्या आणि त्यांचा मुलगा बांधाबांधानं माग काढत होते, तेव्हा मी सवयीनं झाकण लावून डार्क घेतल्या. वीस. पूर्ण. हात चालत राहिले.

त्या रात्री मी टिपत होतो ती एम ५१, भोवऱ्यासारखी दीर्घिका. सप्तर्षींच्या शेपटीचं टोक म्हणजे मरीची, त्याच्या थोडी खाली. अंतर अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं. दीर्घिकेला सर्पिल हात असतात हे माणसानं पहिल्यांदा पाहिलं ते हिच्यातच, १८४५ मध्ये आयर्लंडात, लॉर्ड रॉस यांनी बांधलेल्या बहात्तर इंची आरशातून. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, त्यांनी ते पेन्सिलीनं काढलं. हे ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र ताराविश्वं आहेत हे सिद्ध व्हायला मग आणखी पाऊणशे वर्षं गेली. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना देवयानीत एक रूपविकारी, म्हणजे ठरावीक तालात उजेड कमी-जास्त होणारा तारा सापडला तेव्हा कुठे अंतराचं माप मिळालं. म्हणजे रॉस यांनी जे इतकं नीट रेखाटलं ते काय आहे हे त्यांना जन्मभर माहीत नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटतो आणि हुरहूरही वाटते.

एम ५१ च्या एका हाताच्या टोकाला दुसरी छोटी दीर्घिका लगटून आहे. माझ्या सहा इंची दुर्बिणीत डोळा लावला तर हात वगैरे काही दिसत नाहीत, दोन धुरकट ठिपके तेवढे दिसतात, एक मोठा आणि एक लहान. आदल्या महिन्यात, पौष अमावस्येला, आजींना मध्यरात्रीनंतर जाग आली आणि त्या शाल गुंडाळून माझ्याकडे आल्या. "दाव बाबा, काय बघतो ते." मी स्टूल दिलं. दीर्घिका आयपीसमधून दाखवायला मी कचरतो, कारण रंगीत फोटो पाहिलेल्या माणसाचा चेहरा पडतो, मग तो भिडेखातर 'छान' म्हणतो. आजींनी फोटो पाहिलेले नव्हते. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. आधी म्हणाल्या धूर आहे. मग, जरा वेळानं, "एक मोठी हाय, एक बारकं तिला चिकटलंय. शेळी अन् करडू." मी त्यांना हनुवटी वळवायला सांगितलं नव्हतं. जन्मभर अंधारात गोठ्यात वावरलेल्या डोळ्यांना ते शिकवावं लागलं नाही.

हे मी जुळवून सांगत नाही. तसंच घडलं, आणि म्हणूनच त्या माघातल्या फ्रेमा मला तीन आठवडे उघडवल्या नाहीत.

उघडल्या तेव्हा ६७ पर्यंत सगळं स्वच्छ होतं. ६८ पासून ७५ पर्यंत बॅटऱ्यांचे झोत. सोळा मिनिटं. ६८ मध्ये डावीकडून आलेली पांढरी लाट, ७० मध्ये सगळा पडदा दुधाळ, ७३ मध्ये पुन्हा अर्धा काळोख. रचणाऱ्या सॉफ्टवेअरला असल्या फ्रेम वगळायला सांगता येतं. उपग्रहांच्या रेघा, विमानांचे दिवे ते एरवीही झटकतंच. मी त्या आठ फ्रेमांसमोरच्या निवडीच्या खुणा काढून टाकल्या. मग लक्षात आलं की त्या रात्री शेळीसाठी कोण कुठे धावलं, याची एकमेव नोंद या आठ फ्रेमांत आहे. दीर्घिकेच्या चित्रात त्यांना जागा नाही, पण पुसूनही टाकवेनात. त्या बाजूला तशाच ठेवल्या आहेत.

अंधार हा शब्द आम्ही हौशी लोक किती लाडानं उच्चारतो! अमुक गावाला काय काळोख आहे, तमुक घाटात अजून दिवे पोचलेले नाहीत, असं सांगताना आवाजात आनंद असतो. पेठ, सुरगाण्याकडचे रस्ते आमच्या बोलण्यात असेच येतात. तिथल्या बाईला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा तो काळोख कसा लागत असेल, हे आमच्या गप्पांत येत नाही. तात्यांच्या शिवारात शेतीची वीज कित्येकदा रात्रीच येते, पाणी भरायला माणूस कोयता आणि बॅटरी घेऊन बांधावर जातो आणि बोलत, गाणी लावत चालतो, जनावराला चाहूल लागावी म्हणून. त्याच बांधावर मी मुद्दाम लाल उजेडाचा मिणमिणता दिवा लावून, आवाज न करता, तासन्‌तास बसतो. अंधार एकच. मला मात्र सकाळी गाडीत बसून त्याच्यातून बाहेर पडता येतं.

तरीही मी त्या आकाशाला नको म्हणू शकत नाही. कारण सांगतो. दुर्बिणीचे पाय जिथे रोवतो तो मुरूम सह्याद्रीच्या लाव्ह्याचा, साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांचा. एम ५१ चा उजेड निघाला तेव्हा हा दगड थंड होऊन कितीतरी काळ लोटला होता. कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या मोठ्या समूहाचा उजेडही, पाच कोटींहून थोडं जास्त वर्षांचा, या दगडापेक्षा लहानच. पायाखालच्या जमिनीहून जुना उजेड हवा असेल तर अरुंधती केशातल्या समूहापर्यंत जावं लागतं, तीस कोटींहून अधिक वर्षं मागे. माझ्या फोटोत त्यातल्या दीर्घिका तांदळाच्या कण्यांएवढ्या येतात. तो उजेड निघाला तेव्हा हा सह्याद्री नव्हता, आणि तो येऊन पडला दिंडोरीच्या शिवारात, एका सेकंडहँड कॅमेऱ्यात. त्याला शेवटच्या क्षणी, अगदी शेवटच्या शंभर फुटांत, गोठ्यावरच्या बल्बनं गिळावं हे मला खरोखर सहन होत नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत. एकीनं दुसरी संपत नाही.

मग मी मला जमतं ते केलं. तात्यांच्या गोठ्यावर पांढरा एलईडी बल्ब उघडा लटकत होता, त्याचा निम्मा उजेड वर आणि आडवा जात होता, शेळ्यांच्या काय कामाचा? पांढऱ्या उजेडातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो, तो आकाश जास्त धुऊन काढतो. अंबडला एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची खोल टोपी करून घेतली. बाहेरून काळी, आतून पांढरी. कडेच्या रेषेखाली बल्बचा एक मिलिमीटरही डोकावू नये एवढी खोली मीच मोजून दिली. बल्ब पिवळा, नऊ वॅटचा. फाल्गुनात अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी जाऊन ती बसवली. मी शिडीवर, तात्यांचा मुलगा खाली, आजी खाटेवर. करडू आता बाटली सोडून पाला ओरबाडायला लागलं होतं. बटण दाबलं. उजेड सरळ खाली, गव्हाणीवर आणि दारावर पडला, मेढीच्या वर मात्र काहीच नाही, जणू कुणी तिथून काळी रेघ मारली. आजी उठून आत जाऊन आल्या. "खाली उजेड वाढला की," म्हणाल्या. आधी वर जाणारा उजेड टोपीच्या आतल्या पांढऱ्या रंगावरून खाली परततो, म्हणून तसं झालं. मी ते समजावायला गेलो, पण त्यांचं लक्ष दाराच्या कडीकडे होतं.

दुसऱ्या रात्री दिवा चालूच होता. मी काही विचारलं नाही, तात्यांनीही काही केलं नाही. एम ५१ मध्यरात्रीपर्यंत छान वर आली. फ्रेम तपासल्या: खालच्या कोपऱ्यात जमिनीवरून परतलेल्या उजेडाची किंचित झाक होती, काढून टाकता येण्यासारखी. गारठा कमी झालेला, बागेतून काढलेल्या मालाचा आंबूसगोड वास येत होता, दूर कुठेतरी पाण्याची मोटर चालू झाली. मी खुर्चीत बसून फ्रेमा मोजत होतो.

दोनच्या पुढे कधीतरी कुत्रं भुंकलं. आधी नेहमीसारखं. मग आवाज बदलला.

मी उठलो, मोठी बॅटरी उचलली आणि गोठ्याच्या मागच्या बांधावर झोत टाकला. डावीकडून उजवीकडे, बागेच्या टोकापर्यंत, पुन्हा परत. "तात्या!" म्हणून हाक मारली. घरात दिवा लागला. बांधावर काही हललं नाही, कोल्हा असावा, किंवा तोही नसेल. गव्हाणीपाशी शेळ्या उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत झोत हिरवा चमकत होता. तात्या बाहेर आले, दोघांनी गोठ्याला एक फेरी मारली, मग चुलीपाशी बसून चहा घेतला.

ती फ्रेम ६१ नंबरची होती. पूर्ण पांढरी आली आहे.